वाचकांचे प्रश्न : अकरा हजार व्होल्ट आणि एक निर्वात बाटली

गेल्या अंकात घरातल्या एमसीबीविषयी लिहिले, तेव्हा तिच्या कारखान्यातल्या थोरल्या भावंडाविषयी इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. खरे तर बडोद्यात त्याचे नवल नको. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले आणि जिथे इर्डा ही संस्था १९७४ पासून विद्युत उपकरणांच्या चाचण्या घेत आली आहे, तिथल्या मराठी घरांत पॅनेल, ट्रान्सफॉर्मर किंवा केबल यांच्याशी रोजचा संबंध असणारा एखादा माणूस सहज सापडतो. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. सगळी पत्रे इमारतीच्या आत बसवलेल्या ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) किंवा त्याच्या आसपासच्या व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरविषयी, निर्वातात प्रवाह तोडणाऱ्या स्विचविषयी, म्हणजे बोलीभाषेतल्या व्हीसीबीविषयी आहेत.

प्रश्न : आमच्या कारखान्यातील ११ केव्हीचा व्हीसीबी १४ वर्षांचा झाला. देखभालीचा कंत्राटदार म्हणतो की बाटल्यांतला व्हॅक्यूम एव्हाना गेला असेल, तिन्ही बदलून टाका. आम्ही मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे यंत्र) लावला तर रीडिंग उत्तम आले. कोणाचे खरे मानावे? (मकरपुरा जीआयडीसीतील एक वाचक)

उत्तर : दोघांचेही मानू नये, मेगरचे तर मुळीच नाही. गुजरातेत ‘बाटली’ हा शब्द चारचौघांत जपून वापरावा लागतो, पण आमच्या धंद्यात त्याला दुसरा शब्द रुळलेला नाही. म्हणून आधी ही बाटली काय आहे ते पाहू. ते सिरॅमिकचे एक बंद नळकांडे असते. त्याच्या आत तांबे आणि क्रोमियम यांच्या मिश्रणाचे दोन संपर्क समोरासमोर असतात. एक स्थिर असतो आणि दुसरा स्टेनलेस स्टीलच्या घडीदार बेलोजमुळे आतला निर्वात न मोडता पुढे-मागे सरकू शकतो. आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या एक अब्जांश भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ब्रेकर उघडल्यावर, म्हणजे प्रवाह तोडल्यावर, या दोन संपर्कांत ८ ते १० मिलिमीटरचेच अंतर पडते, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढेही नाही, आणि तेवढ्यावर ११ हजार व्होल्ट अडवले जातात.

संपर्क दूर होताना ठिणगी पडतेच, पण तिला जळायला हवा नसते. संपर्कांच्या पृष्ठभागावरून उडालेली धातूची वाफ हेच तिचे एकमेव इंधन असते. आपला प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो. अशा एका शून्याच्या क्षणी वाफेचा पुरवठा थांबतो, उरलेली वाफ काही मायक्रोसेकंदांत संपर्कांवर आणि भोवतीच्या धातूच्या ढालीवर जाऊन बसते, आणि मधली जागा पुन्हा निर्वात होते. तेलाच्या ब्रेकरात दरवेळी थोडे तेल जळून काळे पडत असे. येथे तसा कोणताही कचरा मागे उरत नाही. म्हणूनच बाटली हा या यंत्राचा सर्वांत निरुपद्रवी भाग आहे, असे माझे मत आहे. उत्पादक साधारणपणे २० वर्षांचे आयुष्य सांगतात, तेव्हा १४ वर्षे झाली एवढ्याच कारणाने तिन्ही बाटल्या बदलणे म्हणजे चष्म्याचा नंबर न तपासता भिंग बदलण्यासारखे आहे.

आता मेगरविषयी. ५ केव्हीच्या मेगरवर बाटली चांगली दिसली म्हणून तिच्यात व्हॅक्यूम आहे, असे सिद्ध होत नाही. समजा बाटलीला तडा जाऊन ती हवेने पूर्ण भरली आहे. ८ ते १० मिलिमीटर साधी हवासुद्धा ५ हजार व्होल्ट आरामात झेलते, त्यामुळे मेगरचा काटा अनंताकडेच जाईल. गंमत अशी की थोडीशीच हवा शिरलेली बाटली पूर्ण हवा भरलेल्या बाटलीपेक्षा पुष्कळ दुबळी असते, कारण एका विशिष्ट कमी दाबाला वायू काहीशे व्होल्टांतच फुटतो. ती मधली अवस्था मेगर कदाचित पकडेल, शेवटची पकडणार नाही. म्हणून खरी परीक्षा हायपॉटची, म्हणजे उच्च व्होल्टेज देऊन घ्यायच्या चाचणीची. १२ केव्ही वर्गाच्या ब्रेकरला कारखान्यात एक मिनिट २८ केव्ही एसी द्यावे लागते. साइटवर त्याच्या ८० टक्के, म्हणजे सुमारे २२ केव्ही, उघड्या संपर्कांच्या दोन टोकांना द्यावे असा प्रघात आहे, आणि नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा. हवा भरलेली बाटली एवढ्यात बहुधा कोसळते, चांगली बाटली शांत राहते. या चाचणीच्या वेळी संपर्कांतले अंतर पूर्ण उघडलेले असावे, नेमून दिलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज देऊ नये आणि माणसांनी काही मीटर दूर उभे राहावे, कारण निर्वातात वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजला क्ष-किरण निघू शकतात.

दुसरी गोष्ट झिजेची. बहुतेक बनावटींत संपर्कांची एकूण झीज २ ते ३ मिलिमीटरपर्यंत चालते आणि सरकत्या दांड्यावर तिची खूण केलेली असते. ब्रेकर बंद स्थितीत, म्हणजे संपर्क जोडलेले, असताना ती खूण पाहावी. बंद संपर्कांतून १०० अँपिअर डीसी सोडून मायक्रोओहमांत रोध मोजावा आणि तो तिन्ही फेजांत आपापसांत व जुन्या नोंदीशी ताडून पाहावा. शेवटी स्वतःलाच एक प्रश्न विचारावा : या १४ वर्षांत आपल्या ब्रेकरने खरा शॉर्ट सर्किट किती वेळा तोडला? चांगल्या यंत्रणेचा ब्रेकर यांत्रिकदृष्ट्या १० हजार वेळा उघड-बंद होण्यासाठी तपासलेला असतो. बहुतेक कारखान्यांत तो वर्षाला दहा-वीस वेळांपलीकडे चालत नाही, तेव्हा झिजेचे भय फार नसते. चाचणीत एकच बाटली नापास झाली, तर मात्र तिन्ही एकाच उत्पादन-तुकडीच्या आहेत का ते पाहून निर्णय घ्यावा.

प्रश्न : आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या केबलबॉक्समध्ये फॉल्ट झाला. रिलेवर (फॉल्ट ओळखून ब्रेकरला उघडायची आज्ञा देणाऱ्या उपकरणावर) ट्रिपचा लाल दिवा लागला, पण व्हीसीबी उघडला नाही आणि शेवटी सबस्टेशनचा फीडरच गेला. बाटलीत दोष असावा का? (वाघोडिया परिसरातील एक कारखानदार)

उत्तर : दोष असण्याची शक्यता फार थोडी आहे. फॉल्ट ओळखणे, आज्ञा देणे आणि प्रवाह तोडणे ही तीन वेगळी कामे आहेत. बाटली फक्त तिसरे करते, आणि तेही कोणी तिला उघडले तरच. तुमचा दिवा सांगतो की पहिले काम झाले. पुढचा मार्ग असा आहे : रिलेचा संपर्क, तिथून असल्यास मास्टर ट्रिप रिले, बॅटरीचा डीसी पुरवठा, ब्रेकरचा ऑक्झिलरी संपर्क, ट्रिप कॉइल, कॉइलने सोडवायची खिटी, आणि त्या खिटीने मोकळी होणारी उघडण्याची स्प्रिंग. या साखळीत कुठेही एक कडी निसटली तर बाटल्या कितीही उत्तम असल्या तरी उपयोग नाही.

माझा अनुभव सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका कारखान्यात अगदी असेच झाले होते. तिथे गेल्यावर दिसले की बॅटरी चार्जर बंद होता. चौकशी केली तेव्हा कळले की त्याची गुणगुण रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या झोपेच्या आड येत होती, म्हणून त्याने स्विच खाली केला होता आणि सकाळी वर करायचे कित्येक महिने कोणाच्याच ध्यानात आले नाही. बॅटरीच्या पट्ट्या पांढऱ्या झाल्या होत्या. रिलेला दिवा लावण्याइतकी धुगधुगी बॅटरीत उरली होती, कॉइलला हिसका देण्याइतकी नव्हती. कारखान्याचे नाव सांगत नाही, पण ट्रान्सफॉर्मर गेला तो गेलाच.

तेव्हा तुमच्याकडे पहिली तपासणी डीसीची करा. मोकळ्या बॅटरीचे व्होल्टेज मोजून भागणार नाही. ट्रिप कॉइलला आज्ञा देत असताना व्होल्टेज किती खाली बसते ते पाहावे लागते. लहान ठिकाणी बॅटरीऐवजी कपॅसिटरचा पॉवर पॅक असतो आणि मुख्य पुरवठा गेल्यावर तो एखाद-दोन ट्रिपपुरतीच ऊर्जा धरून ठेवतो. त्यातले कपॅसिटर जुने झाले की तेवढीही धरत नाहीत. दुसरी तपासणी ट्रिप सर्किट सुपरव्हिजन रिलेची. हा रिले कॉइलच्या मार्गातून अखंड सूक्ष्म प्रवाह सोडून मार्ग शाबूत आहे की नाही ते सांगत असतो. ज्यांच्या पॅनेलात तो नाही त्यांनी बसवावा, आणि ज्यांच्याकडे आहे पण त्याचा अलार्म वाजू नये म्हणून वायर काढून ठेवली आहे, त्यांनी ती परत जोडावी. अशी पॅनेले मी पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

तिसरी तपासणी ग्रीसची, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ब्रेकर महिनोन्महिने बंद स्थितीत उभा असतो, धूळ बसते, ग्रीसमधले तेल उडून जाते आणि उरलेला साबण डिंकासारखा घट्ट होतो. मग पहिली ट्रिप आळसावून होते आणि दुसरी चपळ होते, कारण पहिल्या हिसक्याने सगळे मोकळे झालेले असते. नेमकी फसगत येथे होते : टाइमिंग टेस्ट करणारा तंत्रज्ञ सवयीने ब्रेकर दोन-चारदा चालवून घेतो आणि मग यंत्र जोडतो. मोजमाप सुंदर येते, पण फॉल्टच्या वेळी जी ट्रिप हवी असते ती पहिलीच असते. म्हणून शटडाउन घेताना ब्रेकरची पहिलीच ट्रिप टाइमिंगच्या यंत्रावर नोंदवा. व्हीसीबीचा उघडण्याचा काळ साधारण ४० ते ६० मिलिसेकंदांचा असतो. पहिल्या आणि तिसऱ्या ट्रिपमध्ये ठळक फरक दिसला तर यंत्रणा उघडून, जुने ग्रीस पुसून, उत्पादकाने सांगितलेलेच नवे ग्रीस लावा. वरून स्प्रे मारून काम भागवू नका, कारण स्प्रे जुने ग्रीस धुऊन नेतो आणि स्वतः काही आठवड्यांत उडून जातो.

प्रश्न : आमच्या १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला ११ केव्हीच्या बाजूला जेमतेम ५२ अँपिअर लागतात. मग ६३० अँपिअरचा ब्रेकर का माथी मारतात? (गोरवा येथील पदविका अभ्यासक्रमाचा विद्यार्थी)

उत्तर : हिशेब बरोबर आहे, १००० भागिले १.७३२ गुणिले ११ केले की ५२.५ येतात. पण ब्रेकर रोजच्या प्रवाहासाठी निवडत नाहीत, वाईट दिवसासाठी निवडतात. त्याच्या पाटीवरचा दुसरा आकडा पाहा : २५ केए, म्हणजे २५ हजार अँपिअर. जवळ शॉर्ट सर्किट झाला तर सबस्टेशनमागची सगळी ताकद, ११ केव्हीला सुमारे ४७६ एमव्हीए, या पेटीतून धावू शकते, आणि ती तोडायची ऐपत असलेला संपर्क, दांडा आणि बसबार बनवला की तो ६३० अँपिअर सहज वाहतोच. त्याहून कमी अँपिअरचा व्हीसीबी सहसा मिळत नाही. शिवाय कोणी चुकून फॉल्टवरच ब्रेकर बंद केला तर ६२.५ केए शिखर-प्रवाहाचा धक्का सोसून त्याला घट्ट मिटावे लागते. जड स्प्रिंग त्यासाठीच असते.

खरी अडचण ब्रेकरची नसून सीटीची, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची, होते. तुमचा सीटी ६० अँपिअरचा असेल, तर २५ केए म्हणजे त्याच्या सुमारे ४१७ पट. तेवढा धक्का एक सेकंद सोसणारा लहान गुणोत्तराचा सीटी अवजड आणि महाग होतो, म्हणून खरेदीत तिथे तडजोड केली जाते आणि पुढे फॉल्टमध्ये तोच फुटतो. निविदा वाचताना सीटीचा अल्पकालीन प्रवाह ब्रेकरइतकाच आहे का, ते पाहायला शिका.

तुमच्या वयात आणखी एक हिशेब करून ठेवण्यासारखा आहे. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा त्याचा अंगचा विरोध) ५ टक्के धरला तर एलटी, म्हणजे कमी व्होल्टेजच्या, बाजूच्या शॉर्ट सर्किटला ११ केव्हीच्या बाजूने पूर्ण भाराच्या २० पट, म्हणजे साधारण १,०५० अँपिअर जातील. चार्ज करतानाचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला वीज जोडतानाचा, क्षणिक उसळता प्रवाह (इनरश) ८ ते १० पट असतो. तात्काळ ट्रिपची सेटिंग या दोहोंच्या वर, सुमारे १,३०० ते १,४०० अँपिअरला ठेवली की चार्जिंगला ब्रेकर उगीच पडत नाही, एलटीच्या फॉल्टला एलटीचा एसीबी (हवेत प्रवाह तोडणारा ब्रेकर) आधी संधी घेतो, आणि एचटी, म्हणजे ११ केव्हीच्या, बाजूचा फॉल्ट मात्र क्षणात तुटतो.

प्रश्न : आमच्याकडे ६.६ केव्हीच्या मोटरींवर जुने कमी तेलाचे (मिनिमम ऑइल प्रकारचे) ब्रेकर आहेत. त्याच पेटीत व्हॅक्यूमची ट्रॉली (बाहेर ओढता येणारा ब्रेकर) बसवून देतो, असे एकाने सांगितले आहे. बसवावी का? (पोर येथील एक वाचक)

उत्तर : बसवता येते आणि पुष्कळांनी बसवली आहे, पण मोटरींचा उल्लेख आपण केला म्हणून सावध करतो. व्हॅक्यूमला तोडण्याची इतकी घाई असते की लहान प्रवाह शून्यावर येण्याआधीच, ३ ते ५ अँपिअर उरलेले असताना, तो एकदम छाटला जातो. मोटरीच्या वेटोळ्यात अडकलेली ऊर्जा मग व्होल्टेज होऊन उसळते. ४ अँपिअर छाटले आणि मोटर-केबलची सर्ज इम्पीडन्स ३,००० ओहम धरली, तर ही उसळी १२ केव्हीची होते, ६.६ केव्हीच्या मोटरीची फेजमधली नेहमीची शिखर-किंमत मात्र ५.४ केव्हीच असते. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे मोटर सुरू होत असतानाच ती ट्रिप करणे, कारण तेव्हा प्रवाह मोठा आणि प्रेरकी असतो, संपर्कांत पुन्हापुन्हा ठिणगी पडून उसळ्या चढत जातात. जुन्या मोटरींचे इन्सुलेशन वयस्कर असते, ते हे सोसेलच असे नाही. म्हणून प्रत्येक मोटरीच्या टर्मिनलजवळ, पॅनेलमध्ये नव्हे, व्होल्टेजची उसळी दाबणारा सर्ज अरेस्टर किंवा आरसी सप्रेसर बसवून घ्या आणि तो खर्च ट्रॉलीच्या किमतीत धरूनच तुलना करा.

पेटीबाबत एवढेच, की ट्रॉली नवी झाली म्हणून पेटी नवी होत नाही. शटर, इंटरलॉक, जुने स्पाउट (ज्यांत ट्रॉलीचे संपर्क शिरतात ती इन्सुलेशनची नळकांडी) आणि आत जाणाऱ्या संपर्कांची बोटे तपासून घ्या. अंतर्गत आर्कसाठी आजच्या आयईसी ६२२७१-२०० मानकाप्रमाणे तपासलेली पेटी हवी असेल, तर जुन्या पेटीत ट्रॉली बसवून ती मिळणार नाही. पूर्ण पॅनेलच बदलावे लागेल.

प्रश्न : २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी आमच्या पॅनेलरूममध्ये कमरेइतके होते. बाटल्या बंदच असतात, मग वाळवून पॅनेल सुरू करण्यात काय हरकत होती? (कारेलीबागेतील एका सोसायटीचे पदाधिकारी)

उत्तर : बाटल्यांना पाण्याचे काही वाटत नाही, हे खरे आहे. पण गाळमिश्रित पाणी सीटी-पीटीच्या (प्रवाह आणि व्होल्टेज मोजण्यासाठीच्या ट्रान्सफॉर्मरांच्या) सांध्यांत, केबलच्या शेवटांत, स्प्रिंग चार्जिंग मोटरीत, रिलेत आणि टर्मिनल ब्लॉकमध्येही शिरते. पाणी सुकते, क्षार राहतात, आणि पुढच्या दमट रात्री त्याच थरावरून वीज सरपटत जाते. गोड्या पाण्याने धुणे, उष्ण हवेने अनेक दिवस वाळवणे, मेगरचे आकडे स्थिर होईपर्यंत थांबणे आणि त्यानंतर हायपॉट घेणे, एवढा क्रम पाळावाच लागतो. रिले, मोटर आणि कॉइल मात्र वाळवत बसू नयेत, बदलावेत. पूर आला नाही तरी पावसाळ्यात पॅनेलचे स्पेस हीटर चालू ठेवावेत. वीजबिल वाचवण्यासाठी ते बंद केलेली पॅनेले स्पाउटवरच्या पांढऱ्या रेघांवरून लगेच ओळखू येतात.

आपण पत्रात ओघात लिहिले आहे की सफाईच्या वेळी ब्रेकर ‘ऑफ’ केला होता. तेवढे पुरेसे नव्हते. बाटलीतले अंतर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे ऑफचा दर्शक म्हणजे सुरक्षित अंतर नव्हे. ट्रॉली बाहेर ओढली, कुलूप घातले, व्होल्टेज नाही हे तपासले आणि अर्थिंग केले, की मगच आत हात घालता येतो. फीडरचा पुरवठा मागून चालू असेल तर ट्रॉली बाहेर असतानाही केबलकडचे संपर्क जिवंत असतात.

प्रश्न : आमच्या घराची भिंत सोसायटीच्या पॅनेलरूमला लागून आहे. वीज येऊन ऑपरेटर आत गेला की मोठा ठोका ऐकू येतो आणि मग दहा-पंधरा सेकंद घरघर होते. नातवंडे घाबरतात. काही धोका आहे का? (दांडिया बाजारातील एक आजी)

उत्तर : आजी, ठोका ऐकू येतो हीच चांगली खूण आहे. ब्रेकरचे संपर्क जोडणारी जड स्प्रिंग सुटली की तो ठोका होतो, आणि जाता जाता ती उघडण्याच्या स्प्रिंगलाही ताण देऊन ठेवते. नंतरची घरघर म्हणजे एक छोटी मोटर रिकामी झालेली स्प्रिंग पुन्हा गुंडाळत असते. लहानपणी आपण घड्याळाला चावी देत असाल, तसेच ते आहे. नातवंडांना हे सांगून पाहावे, पुढच्या वेळी ती ठोका मोजायला भिंतीशी कान लावून बसतील. फक्त ती घरघर अर्ध्या-पाऊण मिनिटानंतरही थांबली नाही, तर मोटरीचा लिमिट स्विच अडकला आहे असे समजून वॉचमनकरवी ऑपरेटरला निरोप पाठवावा.